खूण नसलेली कॅसेट

आमच्या घरात गाणं कधी धड ऐकायला मिळालं नाही. लोकांच्या घरी गाणं लागतं, संपतं, दुसरं लागतं. आमच्या घरी गाण्याची तपासणी व्हायची. बाबा नांदेडला रेल्वेत सिग्नलचे फिटर होते आणि आमच्या इवल्याशा ख्रिस्ती मंडळीचे पंच. आठवडाभर ते रुळांकडेच्या तारा आणि दिवे तपासत. रविवारी उपासनेहून आलं, मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी पोटात गेली, की हात पुसून टेपरेकॉर्डर पुढ्यात ओढत. सतरंजीवर एका अंगाला आई, एका अंगाला मी. घरात माणसं तीनच, त्यामुळं सुटका कुणाचीच नव्हती. एकेक गाणं तीनदा ऐकायचं. पहिल्यांदा शब्दांसाठी. दुसऱ्यांदा, हे गाणं माणसाला कुठं घेऊन चाललंय ते बघायला. तिसऱ्यांदा डोळे मिटून, ऐकताना आपल्या मनात काय येतं ते तपासायला. माझ्या मनात तिसऱ्यांदा एकच यायचं, की बाहेर पोरी लंगडी खेळून राहिल्यात आणि मी इथं अडकून पडलेय.

बरं, तपासून मोकळं व्हावं की नाही. तेही नाही. गाणं नापास झालं तर ते पुसायचं, आणि पुसायचं म्हणजे त्याच्यावर स्वतःच्या आवाजात स्तोत्र वाचून भरायचं. त्यासाठी कॅसेटच्या पाठीवरच्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा, बटणं दाबायची आणि घसा खाकरून सुरू. सबंध कॅसेटच फेकून द्या म्हटलं तर म्हणायचे, बाकीच्या गाण्यांनी काय गुन्हा केला. त्यात पुन्हा कधीकधी अख्खं गाणं नापास व्हायचं नाही, नुसतं मधलं कडवं व्हायचं. मग बाई छान गात असायची, सतार वाजत असायची, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडावर खट् आवाज होऊन आमचे बाबा जाड्याभरड्या आवाजात देवाची करुणा भाकायला लागायचे. ते संपलं की पुन्हा खट्, आणि बाई तिसऱ्या कडव्यातून काही झालंच नाही अशी पुढं गात सुटायची. सबंध तपासून झालेल्या कॅसेटच्या कागदावर बाबा पेन्सिलीनं बरोबरची बारीक खूण करत. ज्याचा निकाल लागत नसे त्याला म्हणत, ‘बघू.’ या ‘बघू’ने माझं अर्धं बालपण खाल्लं.

आणि हे सगळं कशासाठी, तर क्वार्टरची भिंत एका विटेची. पलीकडं कांबळेकाकूंचा रेडिओ सकाळपासून सुरू. बाबांनी मोठ्या कष्टानं पुसलेलं कडवं दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसून अंघोळ करताना भिंतीतून अथपासून इतिपर्यंत ऐकायची. एकदा वैतागून मी बाबांना तसं तोंडावर सांगितलंसुद्धा. ते चिडले नाहीत. ते चिडत नसत, हाच तर खरा ताप होता. म्हणाले, “आलेलं ऐकायचं, बाई. बोलावून आणायचं न्हाई.” पहाटे गुरुद्वाऱ्याचं कीर्तन यायचं, अजान यायची, जयंतीला काकूंच्या अंगणात भीमगीतं व्हायची. ती आलेली. कॅसेट बोलावून आणलेली. बोलावून आणलेल्याची जबाबदारी आपली.

टीव्ही काकूंकडंच होता. रविवारच्या संध्याकाळी पिक्चर बघायला आम्ही तिघं जायचो, कारण बाबांच्या मते काही पिक्चर चांगले असत, पण ते आधी कळायचं कसं? त्यांच्या मनाला न पटणारं काही आलं की ते शांतपणे उठायचे आणि पाणी प्यायला घरी जायचे. त्यांच्यामागं आई, आईमागं मी, अशी वरात. घरी येऊन तिघांनी एकेक ग्लास पाणी प्यायचं आणि परत जाऊन बसायचं. तोवर तिकडं कुणी तरी मेलेलं असायचं, नाही तर लग्न लागलेलं असायचं. काकू बिचाऱ्या मधलं सगळं सांगायच्या, अगदी बारकाव्यानं. म्हणजे बघायचं ते चुकलं, पण ऐकायचं सुटलं नाही.

शाळेत गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या तेव्हाची गोष्ट तर मी लग्नानंतरही कुणाला सांगितली नव्हती. माझ्यावर अक्षर आलं. मी झोकात गाणं सुरू केलं, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडावर आल्यावर माझ्या तोंडून बाबांच्या आवाजातलं स्तोत्र निघालं, खाकरण्यासकट. सगळा वर्ग हसून लोळला. पुढं वर्षभर मला पोरी बघितल्या की खाकरायच्या. आजही ते गाणं कुठं लागलं तर त्या जागेला माझा घसा आपोआप खवखवतो.

कॅसेटी ठेवायच्या पेटीत, ‘बघू’च्या रांगेत, एक पांढरी कॅसेट होती. तिच्यात इस्लापूरची आजी होती, आईची आई. आईच्या माहेरचे ख्रिस्ती नव्हते. आईनं लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, पण बाबा तिला शेवटपर्यंत माहेरच्याच नावानं, शेवंता म्हणत. आजी आजारी पडली तेव्हा मामा आमचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन गेला आणि जात्यावर बसलेल्या आजीच्या ओव्या त्यानं भरून ठेवल्या. तीन महिन्यांत आजी गेली. तिचा फोटो एकही नव्हता. होता तो एवढा आवाज, त्याच्यामागं जात्याची घरघर आणि मधूनच कोंबड्या.

आता ती कॅसेट आमच्या घरात आली म्हणजे तपासणीला बसणारच. पहिल्या आठ-नऊ ओव्या भावाच्या, भाच्यांच्या, शेताच्या, त्या पटापट पास झाल्या. मग ही आली:

इठ्ठला रे देवा, तुझी माझी जुनी साथ
परक्या देवाघरी धर लेकीचा तू हात

परक्या देवाचं घर म्हणजे आमचं. लेक म्हणजे आई. बाबांनी ती तीनदा ऐकली, मग आणखी तीनदा. आई मांडीवर हात ठेवून खाली बघत होती. शेवटी बाबा म्हणाले, “नाव दुसऱ्याचं हाय. पण मागणं माझ्याच घरासाठी हाय.” आणि म्हणाले, बघू. त्यांचा नियम असा, की एका गाण्याचा निकाल लागल्याशिवाय पुढचं लावायचं नाही. म्हणजे दर दोन-चार रविवारांनी कॅसेट पहिल्यापासून लागायची, त्या ओवीपाशी यायची आणि थांबायची. दीड-दोन वर्षं आम्ही त्या एका ओवीच्या पुढं सरकलो नाही. माझं डोकं फिरायचं. पास करा, नाही तर पुसा, पण एकदाचं काही तरी करा की.

पुढं काय आहे ते आईला थोडंसं माहीत होतं. आजीच्या दहाव्याला मामानं ती कॅसेट एकदाच लावली होती, रडारडीत. अगदी शेवटी आजीनं आईची ओवी घातली होती, रेल्वेची. पहिली ओळ तेवढी आईच्या कानात राहिली होती, रुळाच्या पल्याड माझ्या लेकीचं गं घर. दुसरी रडण्यात बुडाली. मामाला विचारावं तर तो भरताना टेप लावून बाहेर कोंबड्या हाकत उभा होता. मी आईला म्हटलं, बाबा ड्युटीवर गेले की लावून ऐक की, कोण बघतंय? आई भाकरी थापत होती. म्हणाली, “माझ्या आईचा आवाज मी चोरून ऐकू का?” मग पुन्हा थापायला लागली.

मी पंधरा-सोळाची असताना लातूरला मंडळ्यांच्या तरुणांचं उन्हाळी शिबीर भरलं. आठ दिवसांचं, एका शाळेत. त्याचं पत्र आलं, त्यात अंथरूण, ताट-वाटी यांच्या खाली लिहिलं होतं, घरातलं जगिक, म्हणजे सिनेमा-गाण्यांचं वगैरे, साहित्य सोबत आणावं, शेवटच्या दिवशी त्याची विल्हेवाट लावली जाईल. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून म्हणाले, बघू. मला ते पत्र वाचून इतकं हलकं वाटलं. कुणी तरी निकाल लावणारं भेटलं होतं.

निघायच्या दिवशी बाबा ड्युटीवर, आई नळावर. मी पेटी उघडली आणि खूण नसलेल्या सगळ्या कॅसेटी काढल्या. सात होत्या. सातवी ती पांढरी होती. इथं मला सारवासारव करायची नाही, कारण लोकांना मी पुढं बरीच वर्षं सांगत आले की घाईत कळलं नाही. मला कळलं होतं. मी ती हातात धरून उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, खूण नाही ना, मग नाही. त्यात इठ्ठलाचं नाव आहे. बाबांना जे दोन वर्षं जमलं नाही ते मी एका मिनिटात केलं, या गोष्टीचा मला गर्वसुद्धा वाटला. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या रस्त्याभर ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते. डब्यात आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, तीही त्याच मांडीवर खाल्ली.

शिबिराचे पुढारी एक ब्रदर होते. गिटार वाजवायचे, गोड बोलायचे, आणि त्यांच्याकडं ‘बघू’ हा शब्द नव्हता. जे देवासाठी गायलेलं नाही ते जगाचं, जे जगाचं ते बाहेर. झालं. मला हे फार आवडलं. तीनदा ऐकायची कटकट नाही, डोळे मिटायची भानगड नाही. तिसऱ्या दिवशी मात्र आम्हाला टाळ्यांचं एक गीत शिकवलं, तर त्याची चाल कांबळेकाकूंच्या भिंतीतून रोज येणारी. मी इकडंतिकडं बघितलं, सगळे डोलून राहिलेत. मी ब्रदरना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, चालीत काय आहे बेटा, चाल देवाचीच असते, आपण मन बघायचं. मी हो म्हटलं. मग आजीचं मन कुणी बघायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही असं नाही. आला, आणि मी तो दाबला, कारण माझं नाव यादीत पहिलं लागलं होतं, सगळ्यात जास्त साहित्य आणणारी म्हणून.

शेवटच्या दिवशी चहा झाल्यावर शाळेच्या मैदानात पत्र्याचं पिंप पेटवलं. कुणी पोस्टर टाकलं, कुणी पत्त्यांचा जोड, एका पोरानं तर नुसता गॉगल टाकला. मी साती कॅसेटी टाकल्या, एकेक करून. पांढरी शेवटी. ती आधी वाकली, मग तिच्यातली पट्टी वळवळत वर आली आणि काळी झाली. वास असा सुटला की पुढच्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले. मला पुढं बोलावून, देवासाठी आपण काय सोडलं याची साक्ष द्यायला लावली. मी खणखणीत आवाजात साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता माझी नात जेनी लातूरलाच माझ्याकडं राहून कॉलेज करते. तिच्या मंडळीच्या ग्रुपवर गाण्यांच्या याद्या येतात, लाल ठिपका आणि हिरवा ठिपका लावून. कुणी लावले ठिपके, गाणं ऐकलं तरी का, काही पत्ता नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, आजी, सगळ्यांना कुठं वेळ असतो? चिडून मी चष्मा काढून ठेवला. चिडायचा मला काय अधिकार, पण चिडले.

शिबिराहून परतले तेव्हा नांदेडच्या स्टँडवर बाबा सायकल घेऊन आले होते. माझी वळकटी कॅरिअरला बांधली आणि आम्ही चालत निघालो. मी अहमदपूरपासून जुळवत आणलेलं सगळं बोलून टाकलं. बाबा ऐकत होते, हं हं करत होते. कोणत्या कोणत्या, असं त्यांनी विचारलं. मी सांगत गेले. सहाव्या कॅसेटपर्यंत सायकलीचं चाक फिरत होतं. सातवी सांगितली आणि ते थांबले.

“ती तर आपून बघून राहिलो होतो ना, बाई,” ते म्हणाले.

मी म्हटलं, दोन वर्षं काय बघत होतात?

त्यांनी वळकटीची दोरी उगाच घट्ट केली. मग म्हणाले, “पुसायची असती तर मला पाच मिन्टं लागली असती.”

तेव्हा मला कळलं. ती पास करून घरात कौतुकानं लावणं मंडळीच्या पंचाला, त्यांच्या विश्वासाला धरून, जमणार नव्हतं. पुसणं नवऱ्याला जमणार नव्हतं. निकाल लागत नव्हता तोवर ती तपासावी लागत होती, आणि तपासायची म्हणजे ऐकायची, तीन-तीनदा. आईला तिच्या आईचा आवाज उघड्या दारानं ऐकायला देण्याची ही एवढीच वाट त्या माणसाला सापडली होती. आणि मी त्यांना भित्रा समजत होते.

घरी आई धपाटे करत होती. मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. “शेवंता, ती आईची कॅसेट गेली. माझ्याच्यानं खूण करायची राहिली व्हती.” आईनं माझ्याकडं बघितलं. तव्यावरचा धपाटा करपला, दुसरा टाकला, तोही करपला. तिनं तो काढून बाजूला ठेवला आणि आम्हाला वाढलं. मला म्हणाली, दही घे. मला वाटलं होतं मारेल, मारावं असंच वाटत होतं. त्यानंतर तीन रविवार तपासणी झाली नाही. मटण झालं, हात धुतले, टेपरेकॉर्डर फडक्याखाली तसाच.

चौथ्या रविवारी आईनं स्वतः फडकं काढलं. कोरी कॅसेट आत घातली, सतरंजीवर बाबांच्या समोर बसली आणि म्हणाली, “दाबा.”

बाबांनी दाबलं. आई गायला लागली. आयुष्यात मी तिला मंडळीच्या गीतांशिवाय काही गाताना ऐकलं नव्हतं, आणि तिथंही ती मागच्या रांगेत ओठांतल्या ओठांत गायची. आता ती आजीच्या चालीवर, अगदी तशीच शेवटी स्वर ओढत, भावाची ओवी गायली, भाच्यांची गायली, शेताची गायली. मग ती इठ्ठलाची आली. आई थांबली नाही, गायली. बाबा उठले आणि पाण्याकडं गेले. मला वाटलं, आता आईला सोडून हे बाहेर जाणार, काकूंच्या घरून जायचे तसे. माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. ते ग्लास घेऊन परत आले, तो आईपुढं ठेवला आणि जागेवर बसले. आई पाणी प्याली.

मग पहिल्यांदाच आमच्या घरात ती ओवी ओलांडून कुणी पुढं गेलं. आईला लहानपणापासून जेवढ्या येत होत्या तेवढ्या तिनं गायल्या. सगळ्यात शेवटी तिनं सुरू केलं, रुळाच्या पल्याड माझ्या लेकीचं गं घर. आणि गप्प झाली. पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा गप्प. “पुढचं येईना,” ती म्हणाली.

मी बंद करायला हात पुढं केला. बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, “राहू दे चालू. येईल.”

आम्ही तिघं बसून राहिलो. ती ओळ आली नाही. त्या दिवशी नाही आणि आई जाईपर्यंत नाही. मी स्वतः कित्येकदा जुळवायला बसले, एकही बसत नाही. बाबांनी पुसलेलं प्रत्येक कडवं मला आजही पाठ आहे, ती सगळी कांबळेकाकूंच्या भिंतीतून आली होती. ही एक ओळ कुणाच्याच रेडिओवर कधी लागणार नव्हती, आणि तीच मी टाळ्या घेऊन जाळली.

मागच्या महिन्यात जेनीनं आईच्या आवाजातली ती कॅसेट कुठूनसं यंत्र आणून मोबाइलवर उतरवली. कॅसेटवर खूण नाही, बाबांनी ती कधी केलीच नाही. जेनीनं कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “आजी, शेवटची अकरा मिनिटं नुसती रिकामी आहेत. कापून टाकू?”

रिकामी नाहीत. त्यात आईच्या बांगड्या आहेत, बाबांचं खाकरणं आहे, लांबून गेलेली एक गाडी आहे. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, राहू दे चालू.